शंभर वर्षांनंतरची गावकरी

विद्यापीठाच्या हवामान प्रकल्पाच्या बैठकीला शंभर वर्षांनंतरचा एक गावकरी असावाच लागे. संगणक त्याला गावाच्या आकडेवारीतून घडवी. सोनखडीच्या वतीने पडद्यावरून रेवा बोले. बहुधा तक्रारीच करी.

“तळं बुजवून बाजार बांधू,” सरपंच मेंगाळ म्हणाले. समन्वयक डॉ. शेवडे यांनी तसा निर्णय संगणकात भरला.

“अहो खापरपणजोबा, पण—” रेवा दिसेनाशी झाली.

“लाइट गेली का, मॅडम?”

“नाही. तळं बुजवलं, तर शंभर वर्षांनी गावात कुणी उरत नाही, असं गणित म्हणतं. गणित चुकूही शकतं.”

मेंगाळ यांनी कोऱ्या पडद्याकडे पाहिले.

“खोडा ते. तळं राहू द्या.”

शेवडे यांनी निर्णय बदलला.

“तुमच्या तळ्यापायी डास फार झालेत!” रेवा करवादली.

“मॅडम, तक्रार लिहून घ्या,” सरपंच समाधानाने म्हणाले.