हातात किती येतात?

"चोवीसशे डॉलर म्हणजे चोवीसशे," हाजा रोकिया म्हणाली आणि तिनं मागणीच्या अंगठीची डबी चटईवरून पुढे सरकवली. "आपल्या ब्रुनेईत पगारावर कर नाही. पलीकडे मलेशियात, मिरीला माझा भाचा आहे, त्याच्या पगारातून सरकार आधी आपला घास काढून घेतं. माझ्या हाफिझुलचं तसं नाही. लिहिलाय तेवढा घरी येतो."

नीनी सालिहानं डबीला हात लावला नाही. डबी ठेवून घेतली की होकार, उलट सरकवली की नकार. या चटईवरून आजवर तीन डब्या उलट गेल्या होत्या. नीनीची नात हाझिरा दारात कॉफीचा ट्रे धरून उभी होती. तिला बत्तिसावं लागलं होतं आणि ही चौथी डबी तरी परत जाऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं. हाफिझुलला ती ओळखत होती. बंदराच्या कचेरीत ती खिडकीवर बसायची; तो रोज कागद घेऊन यायचा आणि शेजारची खिडकी रिकामी असली तरी तिच्याच रांगेत उभा राहायचा.

"कर नाही हे मला नका सांगू," नीनी म्हणाली. "माझा जन्म इथलाच. हातात किती येतात ते सांगा."

"सांगितलं की. चोवीसशे."

"निवृत्तीचा फंड?"

"दोनशे चार. पण तो काय कर आहे? त्याचेच पैसे, म्हातारपणी त्यालाच मिळणार."

"गाडी?"

"पांढरी. मोठी." हाजा रोकिया खुलली. "सातशे नव्वदचा हप्ता आहे. लोक वळून वळून बघतात."

"बघणारे हप्ता भरतात का?"

हाजा रोकियानं बांगड्या मागे सारल्या. तिला हा विनोद वाटला नाही. पण ती बढाया मारायलाच आली होती, आणि अशा बाईला विचारत गेलं की ती स्वतःहून सगळं सांगत जाते. बँकेच्या कर्जाचे महिन्याला पाचशे साठ, त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचे. हजार माणूस जेवलं होतं. "पण ते बँक परस्पर कापते. त्याला कळतसुद्धा नाही." सोफा आणि टीव्ही, दुकानाच्या हप्त्यानं, दोनशे शहाऐंशी. "टीव्ही एवढा, की भिंत दिसत नाही."

"आणि तुम्हाला?"

"चारशे. पण आईला दिलेलं कुणी कपातीत धरतं का?"

नीनीला कागद लागत नव्हता. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. तिचा नवरा तेलाच्या विहिरींवर होता तेव्हा पगार पाकिटातून यायचा. नाव आली की बायका पाण्यावरच्या फळीवाटेवर येऊन उभ्या राहायच्या. ज्याचं पाकीट वाटेतच फोडलेलं दिसे, त्याच्याकडे त्या दिवशी गल्लीतलं कुणी बघत नसे. आता पाकीट गेलं आणि लाजही गेली, असं नीनी नेहमी म्हणायची. ते खोटंही नव्हतं.

"एकशे साठ," ती म्हणाली. "चोवीसशेचा वाघ निघाला, घरी पोचेपर्यंत मांजर झालं! डॉलरला भात-कोंबडीचा पुडा मिळतो. तुमचा मुलगा दिवसाला पाच पुडे आणणार, त्यात माझ्या नातीनं संसार करायचा. पण हो, कर नाही बरं का!"

हाजा रोकियाचा चेहरा उतरला. नीनीचा हात डबीकडे गेला. हाझिराला तो हात चांगला ओळखीचा होता. आधी हिशेब, मग टोमणा, मग हात. तिन्ही वेळा असंच झालं होतं.

"एवढं विचारलंत, मग मीही विचारते," हाजा रोकिया फणकारली. "मुलीच्या हातात किती येतात?"

"सोळाशे." नीनी ताठ बसली. "सरकारी नोकरी. एक सेंट कर नाही. सगळे या घरात येतात."

हाझिरानं ट्रे खाली ठेवला आणि ती चटईवर बसली. पाहुण्यांसमोर मुलीनं बसायची रीत नव्हती.

"नीनी, माझेही मोज ना."

"तुझे काय मोजायचे?"

"फंडाचे एकशे छत्तीस. वाणसामान, वीज, पाणी मिळून सहाशे."

"घरखर्च आहे तो, बाई. त्याला काय कपात म्हणतात?"

"अझमीची गाडी. चारशे चौऱ्याण्णव."

"तुझा सख्खा भाऊ आहे. भावाला दिलेलं कुणी..." नीनी एकदम थांबली. समोर हाजा रोकिया ओढणीआड हसत नव्हती. उघड, दात दाखवून हसत होती.

"कामवालीचे दोनशे वीस," हाझिरा म्हणाली. "तुझ्या भिशीचे पन्नास. किती राहिले?"

नीनीचा अंगठा पेरांवर थबकला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हिशेब अडला होता. निदान तिनं तसं दाखवलं.

"शंभर," हाझिरा म्हणाली आणि तिनं नीनीच्या हाताखालून डबी आपल्याकडे ओढून घेतली. "म्हणजे त्याचे माझ्यापेक्षा साठ जास्तच उरतात."