तळ घट्ट आहे

घोटा.

ग्लेनिस पाण्यात उतरली तेव्हा मर्व्हने गाडीची काच दोन बोटं खाली केली. तेवढीच. पाऊस आत यायला नको.

"चल, मोजपट्टी," तो म्हणाला. "विरघळत नाहीस."

पावसात ओढा आडवा आला की एकाने आधी पायी जाऊन तळ चाचपायचा, ही या लाल मातीच्या रस्त्यांवरची रीतच. इतर जोडप्यांत पाळ्या असत. मर्व्ह-ग्लेनिसच्या कॅरॅव्हॅनमध्ये पाळी कायम ग्लेनिसची.

आज मात्र त्याने रेनकोट स्वतः काढून दिला. नेहमीसारखी मधूनच परत फिरू नकोस, पार पलीकडे जा, कोरड्यावर उभी राहून हात कर, असंही बजावलं.

तिने हातरेडिओचं बटण दाबलं. "घोटा."

या रेडिओचा आवाज जेमतेम गाडीपर्यंत जाई, आणि ऐकूही तेवढ्यातलंच येई. लांबच्यांशी बोलायचं तर गाडीतला मोठा रेडिओ. त्याला मर्व्हशिवाय कोणी हात लावायचा नाही.

पोटरी.

घर विकून गाडीमागे ओढायची ही कॅरॅव्हॅन घेतली, ते तिला सह्या झाल्यावर कळलं. तेव्हापासून ती चार पावलांच्या स्वयंपाकघरात डब्यातलं मांस परतत होती आणि तो बाहेर खुर्ची टाकून, आपली बायको किती बिनडोक आहे ते शेजारच्या कॅरॅव्हॅनवाल्यांना रंगवून सांगत होता. लोक हसत. तीही हसे.

गेल्या महिन्यात पेट्रोल भरून बरंच पुढे आल्यावर तिने मागे वळून पाहिलं. सीटवर तिचा कुत्रा नव्हता. डिगर कुठाय, असं तिने विचारलं.

"पंपावर," मर्व्ह म्हणाला. "फार भुंकायचा."

त्या दिवसापासून ती प्रत्येक ओढ्याचा तळ नीट बघत होती.

गुडघा.

मध्यावर तिने काठी डावीकडे टेकवली. काठी टेकलीच नाही. रस्ता पोटातून वाहून गेला होता. उजव्या अंगाला हातभर पट्टी तेवढी उरली होती. माणूस जाईल. गाडी जाणार नाही, मागे कॅरॅव्हॅन असताना तर नाहीच. वरून सगळं सारखं, गाळाने लाल झालेलं पाणी.

रेडिओ खरखरला. "काय गं, झोपलीस?"

"गुडघा," ग्लेनिस म्हणाली. "तळ घट्ट आहे. मधोमध घाल."

आवाज जराही हलला नाही. तिचं तिलाच नवल वाटलं.

पुन्हा पोटरी.

पुढचं सगळं तिने जुळवून ठेवलं होतं. रस्ता आज बंद व्हायचा होता. एकदा रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या फाटकाला कुलूप लागलं की पाणी ओसरेपर्यंत, म्हणजे कितीतरी आठवडे, इकडे चिटपाखरू फिरकत नाही. पण फाटक सांभाळणारा डॅरिल कुलूप घालण्याआधी आत असलेल्या प्रत्येक गाडीला रेडिओवरून हाक मारी. उत्तर आलं नाही तर स्वतः शोधत येई. मर्व्हकडून उत्तर येणार नव्हतं. डॅरिल येईल, अलीकडे नाही तर पलीकडे, तिला बघेल. ती रडेल. मी ओरडले, थांब म्हणाले, त्याने ऐकलं नाही. मर्व्हला ओळखणाऱ्या कोणालाही ते पटलं असतं.

तिने पाऊल उचललं आणि मागची पट्टी ढासळून पाण्यात गेली. पायाखालून ओढ आली. काठी हातातून सुटली. ती हातापायांवर काठ चढली.

कोरडं, म्हणजे नुसता चिखल.

पुढे सपाट लाल रान. झाड नाही, छप्पर नाही. ग्लेनिस उभी राहिली, ओढ्याकडे वळली आणि हात वर केला. ये.

पलीकडे दिवे लागले. गाडी हलली, पण मागे. धाव घ्यायला जागा करतोय, तिला वाटलं. कॅरॅव्हॅन उंचवट्यावर तिरकी सरकली. मर्व्हला हे छान जमे, त्याबद्दल कोणी नावं ठेवली नसती.

तिला एकदम त्याची मान आठवली, केस कापताना तो पुढे वाकवायचा ती. अंगठा आपोआप रेडिओच्या बटणावर गेला. थांब म्हणायला की लवकर ये म्हणायला, ते तिला कळलं नाही.

त्याआधी रेडिओतून मर्व्हच बोलू लागला. मोकळ्या, हसऱ्या आवाजात. तिच्याशी नव्हे.

"हां, डॅरिल, ऐकतोय. पाणी फार चढलंय, वळवतोय गाडी. मी बाहेर पडलो की घाल कुलूप."

मधे नुसती खरखर. डॅरिल काहीतरी विचारत असणार.

"नाही रे, एकटाच आहे," मर्व्ह म्हणाला. "ग्लेनिस सोमवारीच बसने बहिणीकडे गेली."