अडून राहिलेली कादंबरी

“घरच्यांच्या भानगडी लिहून तुम्ही नाव कमावलंत. त्यांना विचारलं होतं का?”

शाळेच्या सभागृहात माना वळल्या. मागच्या रांगेत मैत्रिणींनी तोंडावर हात दाबले. विचारून दाखवच, अशी पैज त्यांनी लावली होती. आणि याच वर्षी शाळेत आलेल्या या पोरीनं ती चक्क जिंकली होती. मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले.

टोपणनावानं लिहिणाऱ्या कादंबरीकार बाई मात्र खळखळून हसल्या.

“विचारते की! ज्याची गोष्ट, त्याला आधी वाचायला देते. सासूबाई तर म्हणाल्या, मी एवढी गरीब गाय नव्हते गं, जरा आणखी खाष्ट कर.”

हशा पिकला. मुलगी उभीच होती. बाईंची सगळी पुस्तकं तिनं वाचली होती. परागंदा झालेले पणजोबा, आडनाव बदलून जगलेली आत्या. बाई अशी माणसं कागदावर आणत, की ती आत्ता पानातून उठून पाणी मागतील असं वाटायचं.

“आणि कुणी नाही म्हटलं तर?”

“तर पुस्तक कपाटात. माझी सगळ्यात चांगली कादंबरी वर्षभर तिथंच आहे.” बाईंनी पाण्याचा घोट घेतला. “दत्तक आलेल्या एका मुलीची. तिला सगळं ठाऊक आहे. पण जगाला कळावं का, हे तिनं ठरवायचं. ती बोलत नाही, मीही विचारत नाही.”

“ती कधीच बोलली नाही तर?”

“नाही छापायची. शब्द माझे असले, तरी आयुष्य तिचं आहे.”

मुलगी खाली बसली.

“कोण गं ती दत्तक मुलगी, एवढा भाव खाणारी?” शेजारची कुजबुजली.

“घाबरत असेल. लोक काय म्हणतील म्हणून,” मुलगी पुटपुटली.

“काय म्हणतील? अगं, अख्ख्या कादंबरीची हिरॉइन आहे ती! मी असते तर गावभर मिरवलं असतं.”

मुलीला खुदकन हसू आलं. ते घरी पोचेपर्यंत काही केल्या आवरेना.

स्वयंपाकघरात बाबा ओटा पुसत होते. आई चष्मा शोधत होती. तो तिच्या डोक्यावरच होता.

“दोघंही जरा बसा,” ती म्हणाली. “माझं ठरलंय.”

“आता काय नवीन खूळ?” बाबांनी फडकं पिळलं.

“कादंबरी छापायची. आणि आई, त्यात माझं नाव अजिबात बदलायचं नाही.”