भिंतीपलीकडचा ट्रॅक

सायकल ट्रॅकची निळी पट्टी सोसायटीच्या बागेपाशी संपली आणि ओवीच्या छातीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. दोन वर्षांच्या ओवीचं यांत्रिक हृदय ट्रॅकमधून वीज घेई. आतली बॅटरी आज पाच मिनिटंही धरत नव्हती. तीच बदलायला दवाखाना गाठायचा होता. पण पुढचा ट्रॅक बागेच्या मागच्या भिंतीपलीकडे होता, आणि वळसा वीस मिनिटांचा.

"काका, या भिंतीला दार का नाही हो?" मृण्मयी लेकीला कवटाळून ओरडली. "कोणी अडवला हा ट्रॅक?"

सेक्रेटरी दहिवलकर शिडी ओढत आणत होते. "नंतर बोलू गं. चढ आधी."

"नाव सांगा!"

"तूच की! विसरलीस? बागेतून ट्रॅक नको, या हरकतीच्या अर्जावर पहिली सही तुझी. सातवा महिना होता. म्हणालीस, बाळाला खेळायला बाग राहू दे."

दिवा लाल झाला.

ती शिडी चढली. पलीकडे एका सायकलवाल्याने हात वर केले. तिने ओवीला त्या अनोळखी हातांत सोडलं. तो तिला घेऊन ट्रॅकवर वाकला आणि त्याच्या पाठीआड दिवा दिसेनासा झाला.

"दादा, रंग कोणता झाला?" तिने विचारलं. "अहो दादा, रंग सांगा ना!"