तिसरी चूक
दुपार कलली तरी तिचा डबा टेबलावर बंदच होता. यंत्राला माणसांचं बोलणं समजावं म्हणून ती दिवसभर हेडफोन लावून लोकांची वाक्यं ऐकायची आणि प्रत्येकावर शिक्का मारायची: आज्ञा, प्रश्न किंवा गोंगाट. गोंगाट ठरलेलं बोलणं यंत्र पुढे कानाआड करायचं. आज दोन चुका झाल्या होत्या; “तिसरीला घरी बसा,” साहेबांनी बजावलं होतं. कानात एक आजोबा खोकत यंत्राला सांगत होते, “गोळीची आठवण कर गं, मी विसरतो.” ही आज्ञा. यंत्राने हो म्हटलं. “आणि तू जेवलीस का?” आजोबांनी विचारलं. यंत्र गप्प. नियमाप्रमाणे कामाबाहेरची बडबड म्हणजे गोंगाट. तिने वाक्य तीनदा ऐकलं. शेवटी प्रश्नाचा शिक्का मारला. यंत्राने द्यायच्या उत्तरासाठी पडद्यावर रिकामी चौकट उघडली. “अजून नाही, आजोबा. तुम्ही?” तिने लिहिलं आणि साहेब उठून यायच्या आत डबा उघडला.