धाकट्याची गाठ

वहिनीने खडकावर तीन वस्तू ओळीने मांडल्या. जाळीची पिशवी, कमरेला अडकवायची तारेची कडी आणि पाण्यावर तरंगणारा नवाकोरा नारिंगी फ्लोट. फ्लोटला वीस मीटर दोर होता. तिचा धाकटा दीर मासे मारायच्या भाल्याचं रबर ताणून बघत होता. त्यानं मान वर केली नाही.

"निवडा, भाऊजी," ती म्हणाली. "मारलेले मासे कशात ठेवणार, ते मला इथेच कळू दे."

"पिशवी पायात येते."

कडीकडे त्यानं पाहिलंही नाही. दादा तसलीच कडी लावायचा. मासे कल्ल्यातून ओवायचा, कमरेला लटकवायचा आणि पाण्यात रक्त सोडत पोहत राहायचा. 'पाण्यात राहून माशांशी वैर करू नये म्हणतात, आणि आपलं पोट तर त्या वैरावरच चालतं,' असं म्हणून स्वतःच हसायचा. माणूस खोलवर जाण्यात पटाईत, पण हात कामाचे नव्हते. साधी बुटाची नाडी धाकट्याकडून बांधून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी तो याच खडकावरून उतरला. होडीवाल्यांनी लांबून एका प्रचंड माशाची शेपटी पाहिली. कमरेचे मासे ओढले गेले आणि त्यांच्याबरोबर दादाही गेला. तो सापडला नाही.

"फ्लोट घेतो," धाकटा म्हणाला. "मासे त्याला टांगायचे. आपण लांब, मासे लांब."

"आणि दोर हातात धरायचा. अंगाला बांधायचा नाही. ओढ लागली की सोडून द्यायचा. या घरात बुडायला आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही."

तो कसनुसा हसला. ती हसली नाही. कडी परत पिशवीत टाकता टाकता तिने आवाज उतरवला.

"दुपारी जरा डोळा लागला की अजून येतात हे. दोन्ही हात कमरेशी. सारखे काहीतरी चाचपत असतात. काय शोधताय म्हणून विचारलं तर बोलत नाहीत."

दादा काय शोधतोय ते धाकट्याला ठाऊक होतं. त्यानं बुडीचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पाण्यात उडी टाकली.

पहिला तास झकास गेला. बुडी मारायची, भाला सोडायचा, वर येऊन मासा फ्लोटखालच्या तारेत ओवायचा. पाच मासे झाले. पाचवा फारच तडफडत होता म्हणून त्यानं सुरी काढून त्याला शांत केलं. सुरी तशीच फ्लोटच्या जाळीत खोचली आणि विसरला.

मग पाण्याला ओढ आली. दोर हातातून सरकायला लागला. भाला भरायला दोन हात लागतात आणि माणसाला देवानं दोनच दिले आहेत. फ्लोट वाहून गेला तर पाचही मासे गेले. फक्त या एका बुडीपुरतं, असं म्हणत त्यानं दोर कमरेभोवती घेतला. दोन वेढे, मागून एक फास, वर झटका. त्याच्या हातांना दुसरी गाठ येतच नव्हती. होड्यासुद्धा तो अशाच बांधायचा आणि वादळातही त्या सुटायच्या नाहीत.

तो खाली असताना वरचा नारिंगी ठिपका दिसेनासा झाला. आवाज काहीच आला नाही. दोर ताठ झाला आणि त्याला काळ्या पाण्याकडे घेऊन निघाला.

त्यानं सुरीसाठी पोटरीवर हात मारला. म्यान रिकामं होतं. त्यानं गाठीत नखं घातली. ओली गाठ दगड झाली होती. ओढ वाढली तशी ती मांसात रुतली. छाती फुटायला आली. आणि तेव्हा, दोन वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्या सकाळी दादाच्या कडीचा झटक्यात सुटणारा चाप तुटला होता. 'राहू दे आज,' दादा म्हणाला होता. 'अरे थांब, मी बांधून देतो,' असं म्हणून धाकट्यानंच ती कडी दोरीनं त्याच्या कमरेला आवळली होती. दोन वेढे, मागून एक फास, वर झटका.

दादालाही असंच झालं असणार, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं हात सैल सोडले.

कमरेशी काहीतरी चाचपडलं. थंडगार होतं. एखादा मासा असेल. ते गाठीवरून फिरलं, चुकलं, परत फिरलं. अगदी सावकाश. मग पहिला वेढा सुटला. मग दुसरा. दोर सळकन निघून गेला आणि तो वर फेकला गेला.

खडकाला लागेपर्यंत त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. फ्लोट नव्हता, मासे नव्हते, भालाही नव्हता. कमरेभोवती लालभडक वळ होता. वहिनी उन्हात खडकाला टेकून बसली होती. त्याच्या चाहुलीनं ती दचकून सरळ झाली.

"केव्हा डोळा लागला कळलंच नाही," ती डोळे चोळत म्हणाली. "आज परत आले होते हे. पण आज हात कमरेशी नव्हते. मोकळे होते. आणि बोलले, भाऊजी. दोन वर्षांत पहिल्यांदा."

धाकट्यानं हातानं वळ झाकला. "काय म्हणाला?"

तिने त्याचा हात पाहिला. मग हाताखालचा वळ पाहिला.

"म्हणाले, धाकट्याला सांग. तुझी गाठ सोडवायला शिकायला मला दोन वर्षं लागली."