दुहेरी अस्तर

"घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! आमच्या घरात असलं काही नाही," शिंपी ताडकन म्हणाला.

शेजारी बसलेल्या लेकीनं मान खाली घातली. 'असलं' म्हणजे तिचं दुखणं. कित्येक महिने शौचावाटे रक्त जात होतं आणि लाजेपोटी तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी आतड्याचा फोटो पुढे सरकवला. सूज जुनी होती. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या, पुरेसं रक्त पोचत नव्हतं, म्हणून जखमा भरत नव्हत्या. "निदान अजून पक्कं नाही," ते म्हणाले. "रक्ताच्या नात्यात कुणाला असेल तर मोठी मदत होईल. नीट आठवा. उगाच वेळ घालवणं हिला परवडणारं नाही."

शिंप्यानं फोटो परत पाकिटात घातला आणि तो उठला.

दुकानात परतल्यावर दोघंही आपापल्या कामाला लागले. शिंपी गिऱ्हाइकाला नाना रंग सुचवायचा, स्वतः मात्र बारा महिने काळी पँट. "आयुष्यभराचा एकच तागा घेऊन ठेवलाय वाटतं!" लोक चेष्टा करायचे. तोही हसायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचं आवडतं वाक्य. लेक ते ऐकतच मोठी झाली होती, आणि तसंच वागतही होती.

ती मागच्या मशीनवर बसली. परवा बसमध्ये सीटवर डाग पडला, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुन्हा चारचौघांत शोभा नको, म्हणून पँटला आतून अस्तर लावायचं तिनं ठरवलं होतं. बापाची पाठ आहेसं बघून तिनं कापड सुईखाली घेतलं.

शिंप्यानं येऊन मशीनचं चाक धरलं.

"एका अस्तरानं भागत नाही," तो हळूच म्हणाला. "दुहेरी घाल. मधे मेणकापड. आणि शिवण मधोमध घेऊ नकोस, शिवणीतूनच झिरपतं."

ती बघतच राहिली. "बाबा, तुम्हाला कसं ठाऊक?"

त्याला तिच्याकडे बघवेना. त्यानं गळ्यातली टेप काढली, कात्री उचलली, परत ठेवली आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"चल, डॉक्टर दवाखान्यातून उठायच्या आत गाठू त्यांना," तो म्हणाला. "तू पाळण्यात होतीस, तेव्हापासून मी काळीच पँट घालतोय."